प्रफुल्ल सरांनी देऊन टाकलेला बैल

पोळ्याच्या सकाळी केळझरात बातमी फिरली की प्रफुल्ल सरांना शेजारच्या नत्थूजींच्या अंगणात लाकडी बैल चोरताना पकडलं. समोरच्या सीताबाईंनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: सर वाकलेले, एक हात बैलाच्या वशिंडावर, चेहरा रडवेला. दुपारपर्यंत एका बैलाची जोडी झाली होती, आणि दिवेलागणीला तर सरांची नोकरीही जायला आली होती.

खरी गोष्ट अशी की बैल सरांच्याच घरचा, त्यांच्या लेकीचा, काजलचा. आणि नत्थूजींकडे तो नेऊन दिला होता खुद्द सरांनीच. आता हे चोरीपेक्षा भारी प्रकरण आहे, म्हणून बैजवार सांगावं लागेल.

सर वर्ध्याच्या एका बी.एड. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवतात. मूल कसं वाढतं याचे जगभरातले सिद्धांत त्यांना तोंडपाठ. एक पंडित सांगतो, मुलाचा विचार पायरीपायरीनं चढतो. दुसरा सांगतो, दर वयाची आपली एक वेगळी झुंज असते. तिसरा म्हणतो, जवळच्या माणसावरचा भरवसा हाच सगळ्याचा पाया. काजल झाली तेव्हा सरांना लेक आणि प्रयोगशाळा एकदमच मिळाली. ती चार वर्षांची असताना त्यांनी बसक्या वाटीतलं पाणी उंच ग्लासात ओतलं आणि विचारलं, "आता जास्त झालं काय?" पोरगी म्हणाली, "हो." पुस्तकात लिहिलं होतं तेच उत्तर. सरांनी आळीत पेढे वाटले. पोरगी चुकली म्हणून पेढे वाटणारा बाप केळझरनं तोवर पाहिला नव्हता.

पुढं काजल आठवीत गेली आणि खोलीचं दार लावून बसू लागली. तिची आई, मयुरीताई, चिडायची. सर शांत. "स्वतःची ओळख शोधून राह्यली ते. टप्पा आहे." पोरीनं वांग्याची भाजी ताटात तशीच टाकली, टप्पा. केस खांद्यापर्यंत कापून आली, टप्पा. बाप म्हणून सर गरीब गाय, पण हा एक शब्द तोंडात आला की घरातल्यांना नको व्हायचं.

मग तान्हा पोळा जवळ आला. म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी आपल्याकडची लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेतात. काजलचा बैल हिंगणीच्या सुतारानं केलेला, सागाचा. एक शिंग मोडलं, तर तिनं तिथं पेनाचं निळं टोपण बसवलेलं. गेल्या साली मात्र तो पलंगाखालून निघालाच नाही. सरांनी हिशेब मांडला: खेळाचं वय सरलं, जुनी वस्तू सुटली की पोर पुढं सरकेल. म्हणून यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी, काजल शाळेत असताना, त्यांनी बैल उचलला आणि नत्थूजींच्या पाच वर्षांच्या नातवाला, रजतला देऊन टाकला.

काजल घरी आली, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि त्या घडीपासून बापाशी बोलणं बंद. चहा सरकवायची तोही न बघता.

"या वयात लेकरं मायबापापासून जरा दूर..." सर सुरू झाले.

"ते टप्प्यानं नाई गप बसली," मयुरीताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "तुमच्यानं गप बसली."

लहानपणी अंधारात सरांचंच बोट धरून चालणारी पोर आता ते भिंत असावेत तशी त्यांच्या बाजूनं निघून जात होती, आणि त्यावर कोणत्याही पंडिताचा उतारा आठवत नव्हता.

म्हणून ते पोळ्याच्या सकाळी बैल परत मागायला गेले. रजतनं तोवर बैलाला पिवळा रंग फासून त्याचं नाव ढवळ्या ठेवलं होतं, आणि त्याच्या पायाशीच पोतं अंथरून झोपला होता. सरांनी वशिंडावर हात ठेवला, आणि हात तिथंच थिजला. एका लेकराचा विश्वास परत आणायला दुसऱ्याचा मोडायचा? सीताबाईंनी पाहिलं ते एवढंच.

सर रिकाम्या हातानं घरी आले आणि काजलच्या दाराबाहेर उभे राहिले. "चुकलं माह्यं. तुले विचारलं नाई मी."

आतून कडी वाजली. "मी यंदाही नेणार नव्हती तो," काजल म्हणाली. "पण माहा बैल होता, बाबा. देणारी मी पाहिजे होती."

"मंग आता?"

"आता मीच देईन. सजवीन मी. दोरी रजतच्या हातात मी देईन. तुम्ही तेलाचा डबा धरजा, चाक कुरकुरते त्याचं."

दुसऱ्या दिवशी केळझरनं वरात पाहिली: पुढं रजत, मधे निळ्या शिंगाचा पिवळा बैल, बाजूला काजल, आणि मागं हातात तेलाचा डबा घेतलेले प्राध्यापक. घरोघरी चाकाला तेल घालण्याआधी सर लेकीला विचारत होते, "घालू काय?" ती मान हलवेल तेव्हाच वाकत होते.

नत्थूजींना राहवलं नाही. "काऊन सर, पुस्तकात हा कोनता टप्पा म्हनाचा?"

सर कंबर सरळ करत म्हणाले, "पुस्तकात लेकरायचे टप्पे आहे, नत्थूजी. बापाचे मले सापडले नाई, म्हणून विचारत विचारत चालून राह्यलो."