लोण्या आंब्याचं कलम

धर्मापुरीजवळच्या एका वस्तीवर, रतनबाईच्या बांधाला लोण्या नावाचा आंबा होता. फळ लहान, चोच राघूसारखी वाकडी. पिकलं तरी साल हिरवीगारच, म्हणून वाटसरू कच्चं समजून हातही लावत नसत. पण देठ मोडून दाबलं की गर लोण्यासारखा बाहेर येई. धागा औषधालाही नाही, कोय पातळ, वास केवड्याचा. असा आंबा निजामाच्या मुलखात दुसरीकडं कुणी पाहिला नव्हता.

एका उन्हाळ्यात झाडाला वाळवी लागली आणि ते एका अंगानं वाळलं. रतनबाईनं आजवर खूप कोया लावल्या होत्या; उगवले ते सगळे आंबट निघाले. शेवटी तिनं मोमिनाबादच्या बागेतल्या मदारसाब माळ्याला गाठलं.

"चाचा, कोयीतनं लोण्या कावून येत न्हाई?"

"लेकरू बापावानी थोडंच निघतंय, बाई? फांदीच जगवा. मडक्यातलं रोप फांदीजवळ न्या, दोघांची साल तासा आन् आवळून बांधा. पर मडकं वाळू देऊ नका."

मिरग लागताच तिच्या नवऱ्यानं, बिभीषणनं, झाडाला मचाण बांधलं. रतनबाईनं हिरव्या फांदीशेजारी गावरान रोपाचं मडकं ठेवलं, दोघांची साल तासून जखमेला जखम लावली, केळीच्या सोपटानं आवळून बांधली, वर शेणमाती लिंपली. मग रोज ती पाण्याचा तांब्या घेऊन शिडी चढू लागली. गाव हसलं. "झाडाचं लगीन लावतीया!"

तीन महिन्यांनी तिनं सोपट सोडलं. दोन सालींमधली फट कुठं दिसेना. बोट फिरवलं, तरी कळेना.

"काप की आता," खालून बिभीषण म्हणाला.

"थांबा जरा. दोन जीव एक झालेत हो हितं. मला भ्या वाटतंय."

मग तिनं हात जोडले, रोपाचा शेंडा उडवला, लोण्याची फांदी जोडाखाली कापली आणि मडकं पोटाशी धरून खाली उतरली.

पुढच्या वळवात जुनं झाड उन्मळून पडलं. बांधावर लावलेल्या कलमाला पाचव्या वर्षी चार फळं लागली. पहिलं फोडलं आणि केवड्याचा वास ओसरीभर झाला. रतनबाईनं मातीला डोकं टेकवलं.

नंतर गेवराईपासूनची माणसं कलम बांधायला रोपं घेऊन येऊ लागली. रतनबाई कुणालाच नाही म्हणाली नाही. फक्त प्रत्येकाचं बोट धरून त्या जुळलेल्या सालीवरून एकदा फिरवायची.