अंगणावरचे धोतर

माझ्या मावसभावाइतका उजेडाशी इमानी माणूस मी पाहिलेला नाही. इतर बाबतींत तो सोयीने बोलत असे. कॉलेज बुडवून घरी प्रॅक्टिकलचे कारण सांगताना त्याचा आवाजही हलत नसे. उजेडाबद्दल मात्र तडजोड नव्हती. कोणाकडे गेला की आधी यजमानाला खिडकीजवळ सरकवी. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेला तेव्हा मुलीच्या वडिलांना त्याने तीन वेळा जागा बदलायला लावली आणि शेवटी ‘आता नाक नीट दिसतं’ असा निर्वाळा दिला. मुलीकडे त्याने पाहिले की नाही, हे कोणालाच सांगता आले नाही. तिकडून नकार आला. माझ्या आईच्या परातीतून तो कणकेचा गोळा पळवी, त्याला नाक काढून काठीवर खोची आणि गच्चीत उन्हाकडे फिरवत सावली कुठे पडते ते पाही. ‘एवढं लक्ष अभ्यासात असतं तर,’ असे म्हणत आई गोळा परत घेई.

दुसरे वेड पांढऱ्या धोतराचे. ते तो स्वतः धुई, स्वतः खळ घाली, आणि आगगाडीत बाकावर वर्तमानपत्र पसरल्याशिवाय बसत नसे. मी तेव्हा नुकताच एका वर्तमानपत्रात लागलो होतो. माझ्या मजकुराचा इतका थेट उपयोग पुढे कोणी केला नाही.

मूकपटांचे दिवस संपत आले होते. त्या हिवाळ्यात त्याने आणि कॉलेजातल्या चार मित्रांनी एक छोटा मूकपट काढायचे ठरवले. मुंबईला गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई, एवढीच गोष्ट. एका ओळखीच्या फोटोग्राफरने कॅमेरा एका सकाळपुरता देण्याचे कबूल केले होते आणि फिल्मचा डबा एकच होता. चुकायला जागा नव्हती. म्हणून सलग सहा रविवार तो मला घेऊन मळवलीला उतरला. भाज्याच्या लेण्यांच्या वाटेवर एका शेतकरी म्हातारीचे घर त्याने हेरले होते. तिला आम्ही मावशी म्हणत असू. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसे. हा अंगणात उकिडवा, एका हाताने धोतर सावरत, तिच्या चेहऱ्यावरचा उजेड वहीत टिपून ठेवी. वळचणीखाली ऊन पोचत नव्हते, पण अंगणात पसरलेल्या भाताच्या पेंढ्यावरून ते उसळून तिच्या तोंडावर येई. साडेआठ ते नऊ, फक्त अर्धा तास. ‘हाच,’ तो म्हणे, ‘वाट पाहणाऱ्या माणसाचा उजेड.’ चौथ्या रविवारी मावशीने मला बाजूला घेऊन विचारले, याला घरी काही काम नसते का.

चित्रीकरणाच्या सकाळी कॅमेरा, तिवई आणि चौघे मित्र घेऊन आम्ही पोचलो, तर अंगणात पेंढ्याची काडी नव्हती. शेणाचे ओले, गर्द सारवण, कडेने रांगोळी; आणि उंबऱ्यात बसलेल्या मावशीचा चेहराच दिसेना.

“पुण्याची मान्सं फोटू काडनार, आन् अंगणात कचरा दावायचा व्हय?” ती म्हणाली. “पहाटं समदा पेंढा मागं रचला. कंबर लय दुखली, पन झालं का न्हाई अंगण आरशावानी?”

एक मित्र पेंढा परत आणायला निघाला. मावसभावाने त्याचा दंड धरला. “तिच्यासमोर नको,” तो हळूच म्हणाला. नऊला वीस मिनिटे होती. त्याने सारवणाकडे पाहिले, स्वतःच्या धोतराकडे पाहिले आणि घरामागे गेला. परतला तेव्हा कमरेला कॅमेऱ्याचे काळे आच्छादन होते आणि हातात धोतर. ते त्याने ओल्या शेणावर सबंध पसरले. मावशीच्या तोंडावर उजेड आला.

“ह्ये काय रं बाबा?”

“आम्ही सगळे बूट घातलेले. इतकं छान सारवण उकरायला नको, मावशी.”

कॅमेऱ्याचे हँडल फिरले. नऊपर्यंत काम झाले.

मूकपट कॉलेजच्या सभागृहात एकदाच दाखवला. मावशीची म्हैस व्यालेली होती, ती आली नाही. मग मावसभावाने फिल्मचा चार बोटे तुकडा कापला आणि आम्ही मळवलीला गेलो. मावशीने तो दोन बोटांत धरून उन्हाकडे उचलला. बराच वेळ पाहिले.

“आन् माजं अंगण कुटं हाये यात?”

चित्रात फक्त चेहरा होता.

“तुमच्या तोंडावर आहे, मावशी,” तो म्हणाला. “तो उजेड अंगणाचाच.”

उजेडाबाबत तो खोटे बोलल्याचे माझ्याजवळ हे एकच उदाहरण आहे.

धोतरावरचा हिरवट डाग कधी गेला नाही. मावशी होती तोवर मळवलीला जाताना तो तेच नेसे, आणि गाडीत बाकावर वर्तमानपत्र न पसरता बसे.