ड्रॅगनवरची कांताबाई

त्या बाईनं मले सत्तावीस बायांसमोर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारी ठरवलं. समुद्रपूरच्या कापड दुकानवाल्या पुंडलिकरावांची मी सून, बी.कॉम. झालेली, सुपारीचं खांडही न चघळणारी. आणि ती ड्रॅगनवरची कांताबाई माझ्या कमरेकडं बोट करून मोठ्यानं म्हणते, "हिच्यापाशी खर्रा हाये!" आता तुमीच सांगा, राग येईन का नाई? वर्ष होऊन गेलं, पण आठवलं की अजून माझे कान तापतात. अन् तरी तिची गोठ मीच सांगून राह्यली, कारण दुसरं कोणी सांगणार नाई.

त्या दिवशी माझ्या पोटात दहा आठवड्यांचं लेकरू होतं, आणि हे जगात दोघांलेच माहीत होतं. एक मी, दुसरा माझा नवरा धीरज.

काऊन लपवलं म्हणाल, तर आदल्या वर्षी एक गेलतं. तेव्हा दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी, म्हणजे कौशल्याबाईंनी, साऱ्या आळीत पेढे वाटले आणि पंधरा दिवसांत सारं संपलं. मग तीच आळी येऊन येऊन विचारे. गाडीवर बसली होती का, पपई खाल्ली का, जड उचललं का. सासूबाई नुसत्या माझ्याकडं पाहत राह्यल्या, आणि ते पाहणं शिवीपेक्षा वाईट होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धीरजनं आणि मी ठरवलं, यावेळी तीन महिने पुरे झाल्याशिवाय भिंतीलेही सांगायचं नाई.

पण आमच्या घरात हे सोपं नाई. आमच्याकडं अजून बाई पाळीचे चार दिवस बाजूले बसते, आणि सासूबाई कॅलेंडरवर त्या तारखेले पेन्सिलनं टिंब देतात, सणावाराले स्वयंपाकाले कोण आहे ते कळावं म्हणून. टिंब चुकलं की संपलं! म्हणून मी दोन महिने खोटीच बाजूले बसली. वेगळी चटई, वेगळं ताट, सारं साग्रसंगीत. दुसऱ्या खेपेले तिसऱ्याच दिवशी इतका कंटाळा आला का डोक्यावरून पाणी घेऊन उठली.

"यावेळी लवकर आटोपलं काय वं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, थंडीमुळं," मी म्हटलं.

थंडीमुळं! माझ्या अकलेले काय झालं होतं कोण जाणे. तेव्हापासून त्या माझं ताट पाहत, माझं चालणं पाहत, आणि मी त्यांचं पाहणं पाहत राहे.

संक्रांतीची हळदीकुंकवं आटोपली तशी आळीतल्या बायांनी वर्ध्याजवळच्या पार्कात सहल काढली. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि रुळावरून वरखाली धावणारा तो मोठा ड्रॅगन. मी नाई म्हटलं असतं तर सासूबाईंच्या पेन्सिलीले धार आली असती. म्हणून गेली. विचार होता की पिशव्या सांभाळत बाकड्यावर बसू. पण तिथं पोचल्या पोचल्या सासूबाईंनी साऱ्या पिशव्या आपल्यापाशी ओढल्या.

"माहे गुडघे दुखतात, मी बसतो पिशव्यांपाशी. तू जाय. तरणीताठी पोरगी, बसून काऊन राहतं? का काही कारण हाये?"

ते 'कारण' त्यांनी मुद्दाम लांबवून म्हटलं. इकडं आड, तिकडं विहीर. मी म्हटलं, "कारण काय असणार, जाते नं."

रांगेत मोठा बोर्ड होता. गरोदर महिलांनी बसू नये. मी तो वाचला, पूर्ण वाचला. आज वाटतं, तिथंच कोणी माझ्या कानाखाली दोन वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मागं वळून पाहिलं तर सासूबाई बाकड्यावरून मान लांब करून माझ्याकडंच पाहून राह्यल्या होत्या. मग मी डोकं लढवलं. ड्रॅगनच्या एका डब्यात दोघी बसतात आणि दोघींच्या पोटावर मिळून एकच लोखंडी दांडी येते, वरून काळा फोम लावलेली. माझी नणंद सपनाताई चांगली नव्वद किलोची. तिच्या शेजारी बसली तर दांडी तिच्या पोटावर अडकेल आणि माझ्या पोटापासून दूर राहील. काय हुशारी! मी सपनाताईचा हात घट्ट पकडला आणि जन्मात दाखवलं नव्हतं इतकं प्रेम दाखवलं.

तर ड्रॅगनपाशी ती कांताबाई उभी. पन्नाशीची, काळीसावळी, साडीवर पार्कचा निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. आमच्या दोघींकडं तिनं अशी नजर टाकली जशी काही आम्ही नोट खोटी देऊन राह्यलो होतो.

"जाडीबारकीची जोडी लावत नाई मी," ती म्हणाली. "बारकी बाई, मांगच्या डब्यात. एकटी."

"आम्ही नणंद-भावजय आहो," मी म्हटलं.

"मंग त घरी बसा न सोबत. उठा."

सपनाताईचं तोंड पाहण्यासारखं झालतं. मी मागच्या डब्यात गेली. आता एकच उपाय उरला होता. सहलीच्या बसमध्ये कोणीतरी सांगत होतं, का दांडी येताना पोट फुगवायचं, मग ती अलीकडंच अडकते आणि नंतर श्वास सोडला की ऐसपैस जागा राहते. मी छातीभर श्वास घेतला, ओढणीची चौपट घडी पोटावर धरली, त्यावर दोन्ही हात ठेवले.

कांताबाईची कामाची तऱ्हा मले नंतर समजली. ती कोणालेच "घट्ट झाली का?" असं विचारत नाई. म्हणते, लोक खोटं सांगतात. भिणारा म्हणतो लय घट्ट आहे, मस्तीखोर म्हणतो झाली झाली. ती दांडीचा आवाज ऐकते. दांडी खाली येताना कट्, कट्, कट् असे खटके पडतात. माणूस पाहिल्याबरोबर ती मनात आकडा धरते. सपनाताईले तीन, माझ्यासारखीले सात. आकडा जुळला नाई की मधात काहीतरी लपवलेलं आहे. मोबाईल, पर्स, खर्र्याची पुडी, नाईतर श्वास.

माझे चारच खटके पडले.

"श्वास सोडा, बाई."

मी मान हलवली. बोलली असती तर श्वास सुटला असता.

"सोडा म्हटलं नं! साऱ्या पार्कातली हवा पोटात घेऊन बसता काय?"

मागून पोट्ट्यांनी शिट्ट्या मारणं सुरू केलं. कोणीतरी ओरडलं, "काकू, लवकर!" कांताबाई वाकली, दांडीवर हात ठेवला, दाबायले घेतली, आणि थांबली. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. घाबरलेला माणूस दांडी पकडतो. मी दांडी पकडली नव्हती, पोट पकडलं होतं. मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मले वाटलं, गेलं सारं. ही आता बोंब मारणार, बोर्ड दाखवणार, आणि बाकड्यावर बसलेल्या सासूबाई ऐकणार.

तिनं बोंब मारलीच. "हिच्यापाशी खर्रा हाये! कमरेले खोसला! उतरा खाली! वरून पिचकारी मारतात अन् खालच्यायचे कपडे खराब होतात! चला, झडती द्या!"

माय वं! सत्तावीस बाया, सपनाताई, आणि बाकड्यावरून ताडकन उठलेल्या सासूबाई. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. कांताबाईनं दंडाले धरून मले ड्रॅगनच्या मागं असलेल्या टिनाच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. मी रडून भांडायले तोंड उघडलं, तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "कितवा?"

"तिसरा लागला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बोर्ड वाचता येते का नाई?"

"येते."

"मंग त तू अडाण्याहून अडाणी." तिनं माठातलं पाणी दिलं. "पी. कोनापासून लपवून राह्यली?"

मी सारं सांगतलं. मागचं गेलेलं, पेढे, पेन्सिलीचं टिंब. तिनं मधात एकदाही "अरेरे" म्हटलं नाई. फक्त दोनदा विचारलं, "खरं सांगून राह्यली नं?" कोणाचं ऐकून लगेच मान हलवणं तिले माहीतच नव्हतं. नंतर समजलं, आधी ती सतरा वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होती, वजन वाढवायले पाणी मारलेला कापूस नुसत्या हातानं ओळखायची. लग्नाच्या वेळी तिच्या नवऱ्यानं, रामाजीनं, नोकरी पक्की आहे म्हणून सांगतलं होतं आणि ती नव्हती, तिथून या संशयाची सुरुवात. सिंदी मेघेतल्या तिच्या घरी दूधवाला आला की ही मापात बोट बुडवून पाहते.

"पण खर्रा काऊन म्हटलं?" मी विचारलं. "दुसरं काही सांगतलं असतं. माझी अब्रू गेली नं!"

"चक्कर आली म्हटलं असतं त तुह्या संगच्या बायायनं लगेच बोटांवर महिने मोजले असते. बाईबद्दल वाईट सांगतलं की कोनी पुरावा मांगत नाई. खर्रा म्हटलं की सारे पटकन मानतात."

मग ती दारापाशी गेली, फटीतून बाहेर पाहिलं आणि माझ्याकडं पाठ करूनच बोलली. "चार वर्षं झाले. पिवळ्या साडीची बाई होती. अशीच पोट धरून बसली. 'नोको दाबू मावशी,' म्हने. मले वाटलं नखरे करते, का मोबाईल लपवला. मी दाबली दांडी. साती खटके पाडले. उतरली त पोटाले हात लावून, वाकून गेली. मी शिट्टी वाजवली, दुसरे बसवले. पुढं तिचं काय झालं, मले मालूम नाई. तेव्हापासून मी बाईचे हात आधी पाह्यतो."

तिले माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं. दार उघडून ती मोठ्यानं ओरडली, "सापडली पुडी! फेकली! पुन्हा आनजो नोको!"

घरी काय झालं ते विचारू नका. सासूबाईंनी माझं कपाट उपसलं, उशांच्या खोळी उलट्या केल्या, मी बोलायले गेली की नाक पुढं करून वास घेत. तिसऱ्या दिवशी सकाळी मले कोरड्या उलट्या सुरू झाल्या. मी मोरीतून बाहेर आली तर सासूबाई दारात उभ्या, आणि सपनाताईले समजावून सांगून राह्यल्या, "खर्रा सुटून राह्यला तिचा. सुटताना होतेच असं." वरून मले रोज सकाळी ओवा आणि गूळ. मी मान खाली घालून खाल्ला. सांगते तुमाले, त्या दिवसांत त्या खर्र्यानंच मले सांभाळलं. तीन महिने पुरे झाले, धीरजनं घरात सांगतलं, तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "अन् खर्रा?" मी म्हटलं, "सुटला." त्यांनी मले जवळ घेतलं आणि रडल्या. पेढे मात्र यावेळी वाटले नाईत. मले कळलं, त्याही आदल्या वर्षीपासून भेऊनच होत्या.

ऑगस्टात सेवाग्रामच्या दवाखान्यात मुलगी झाली. पाच महिन्यांची झाल्यावर मी धीरजले म्हटलं, मले पार्कात जायचं आहे. तो म्हणे, एवढ्या लेकराले घेऊन? मी म्हटलं, बसायले नाई, दाखवायले.

दुपारी ड्रॅगनची रांग कमी होती. कांताबाईनं मले लांबूनच ओळखलं. "आली खर्रावाली!" तिनं शिट्टी दुसऱ्या कामवाल्या बाईच्या गळ्यात घातली आणि कठड्यापाशी आली. पोरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा पोरीकडं.

"तुहीच काय?"

"मग कोणाची आणीन?"

"लोकायचा काय भरवसा." तिनं हाताची सारी बोटं शर्टाले पुसली, पण पोरीले हात लावला नाई. मागं कट् कट् कट् खटके पडत होते, आणि आज पहिल्यांदा ती ते मोजून राह्यली नव्हती. मग तिनं विचारलं, "त्या पिवळ्या साडीवालीचंबी असंच झालं असंन नं? चांगलं?"

आयुष्यात जिनं कोणाच्या शब्दावर मान हलवली नाई, ती माझ्या तोंडाकडं पाहत थांबलती. मले काय माहीत त्या बाईचं? मी म्हटलं, "हाव, कांताताई. चांगलंच झालं असंन. मुलगी झाली असंन, नाईतर मुलगा."

"खोटी बोलून राह्यली तू," कांताबाई म्हणाली, आणि दोन्ही हात पुढं करून पोरीले घेतलं.