एकवीस बायकांचा एकच अंगठा

घरचे म्हणतात, मी वाढवून सांगते. सांगते, नाही कुठं म्हणते? बायकांचं कमी करून सांगणारे सरकारदरबारी पुष्कळ बसलेत. कुणीतरी वाढवणारंही हवंच की.

तर मुळशीतली आमची वाडी अशा उभ्या चढणीवर होती की कोंबडीसुद्धा उतरताना कमरेवर हात ठेवून उतरायची. पावसाळ्यात चार महिने नुसतं कोसळायचं. भिंतीला शेवाळ, चुलीतल्या लाकडाला शेवाळ, आणि माझ्या नणंदेच्या मते नवऱ्यांच्या अकलेलाही. पण होळी झाली की पाणी गायब. खाली धरणाचा तलाव निळाशार दिसायचा. तो नुसता बघायला. प्यायचं पाणी खालच्या गावात, चावडीमागच्या विहिरीत. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी, दिवसाला चार खेपा. मी माहेराहून आले तेव्हा चांगली उंच होते. तीन वर्षांत चार बोटं खचले. खोटं वाटत असेल तर माझं लग्नातलं लुगडं बघा, नेसलं की जमिनीवर लोळतं.

ऐंशीच्या सुमाराला बातमी आली, गावाला हापसा मिळणार. मदत परदेशाची, आणि परदेशवाल्यांची एक अट. आपल्या सरकारनं दिल्लीत धोरण लिहून ठेवलं होतं की बाई-पुरुष समान, गावाच्या कामात बायकांचं मत घ्यायचं. ते खरोखर घेतात का, हे चार गावांत जाऊन बघायचं आणि मग मदत द्यायची की नाही ते ठरवायचं. म्हणजे तपासणी अख्ख्या देशाची, आणि त्यात आमचं गाव निघालं! चावडीची पायरी चढलेली बाई आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती. तिथं समानता शोधायला माणसं विमानानं येणार होती.

आदल्या दिवशी ग्रामसेवक धापा टाकत वाडीवर आले. बायका गोळा केल्या.

"उद्या पाहुण्या बाई काहीबाही विचारतील. घाबरायचं नाही. काहीही विचारलं तरी मोठ्यानं 'व्हय' म्हणायचं. बास."

"भाऊसाहेब, हापसा बसणार कुटं?" मी विचारलं.

"चावडीपुढं. तसा ठराव झालाय ना. सगळ्या बायकांच्या एकमतानं."

"कुटल्या बायकांच्या?"

"तुमच्याच की!"

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "मंग झोपंत चालत आलो आसू."

चावडीपुढं हापसा म्हणजे आमची चढण तीच, खेपा त्याच. विहिरीचा दोर ओढायचा, त्याऐवजी आता दांडा मारायचा, तोही चावडीवरच्या पुरुषांच्या नजरेखाली. गावाला हापसा एकच. तो वाडीवर आला तर आला, नाहीतर आमच्या नातींच्या डोक्यावरही चुंबळ.

ग्रामसेवक गेल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "तू सातवी शिकल्याली. तू बोल. पर हापसा माघारी गेला तर गाव आपल्याला जगू द्यायचं न्हाई."

"आन् न्हाई बोलले तर?"

"तर आपली मान जगू द्यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी जीप आली. तिच्यातून तिघं उतरली. एक परदेशी बाई, एक दिल्लीचे साहेब आणि तिचं बोलणं मराठीत सांगणाऱ्या पुण्याच्या एक बाई. परदेशी बाई एवढी उंच की चावडीच्या दारातून तिला हप्त्याहप्त्यानं वाकून आत जावं लागलं. आत गेली, पुरुषमंडळी बघितली, आणि बाहेर अंगणात, आम्ही बसलो होतो त्या घोंगडीवर येऊन बसली. ओट्यावर खुर्च्या टाकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"गावाच्या निर्णयात तुम्ही भाग घेता का?"

"व्हय!" आमचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. सरपंच मिशीत हसले.

"बैठकीला येता?"

"व्हय!"

"बैठकीत बोलायला तुम्हाला कुणी अडवतं का?"

"व्हय!"

पुण्याच्या बाई अडखळल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. पाहुणीला कमी ऐकू येत असेल असं समजून आम्ही आणखी जोरात म्हटलं, "व्हय!"

"घरात मार बसतो?"

"व्हय!" एवढा एक 'व्हय' मात्र कुणी शिकवलेला नव्हता.

ग्रामसेवकांना असा घाम फुटला की त्यावर वाडीचा एक उन्हाळा निघाला असता.

परदेशी बाईनं ठरावाची वही मागितली. वहीत एकवीस बायकांची नावं, प्रत्येक नावापुढं निळा ठसा. पुण्याच्या बाई नावं वाचू लागल्या. माझं नाव आलं तशी मी पुढं सरकले. नावापुढं अंगठा! मला? रेशनच्या दुकानापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडं मी सही करते, आणि सहीखाली दोन रेघा ओढते. मी तो अंगठा निरखून बघितला. मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. वरच्या अंगठ्याला तीच. खालच्याला तीच. पान उलटलं, तिथंही तीच. तसा अंगठा अख्ख्या तालुक्यात एकच होता. तो आमच्या कोतवालाचा. गावात दवंडी देणारा, सरकारी निरोप पोचवणारा म्हातारा माणूस. गवत कापताना विळा लागून त्याचा अंगठा फाटलेला.

कोतवाल चहाचं ताट घेऊन उभाच होता.

"तात्या, अंगठा दावा बरं," मी म्हटलं.

त्यानं अंगठा ताटाखाली घेतला.

"तात्या, तुमी एकवीस बायका कवा झाला?"

बायका अशा हसल्या की चावडीची दोन कौलं घसरली. कोतवाल बिचारा रडवेला झाला. "मला म्हनले दाब, म्या दाबला. माजं तरी मत कुनी इचारलंय?"

सरपंच माझे चुलतसासरे. ओट्यावरून गरजले, "सूनबाई! डोक्यावर पदर घ्या आन् गप बसा. हापसा माघारी जाईल!"

मी डोक्यावर पदर घेतला. आणि उभी राहिले. "जाऊ द्या, मामंजी. चावडीपुढचा हापसा आमच्या डोक्यावरनं काय उतरवनार हाय? वाडीवर द्या, न्हाईतर कुटंच नको. आन् आमचं मत हाय म्हनून लिवायचं आसंल, तर ते आमच्याकडनं घ्या."

पुण्याच्या बाईंनी ते तीन शब्दांत उरकलं.

"बाई, म्या एवढं बोलले आन् तुमी एवढूसंच सांगितलं? समदं सांगा."

त्या लाजल्या. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. परदेशी बाईनं लिहून घेतलं, आणि पेन माझ्यापुढं धरलं. त्या फाटक्या अंगठ्याशेजारी मी सही केली. दोन रेघा ओढल्या. साहेबांनी वही मिटली आणि चहा न पिता जीप गेली.

पुढचे सहा महिने मी हापसा गिळलेली बाई होते. गिरणीत माझं दळण शेवटी. सरपंचांच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. आमचे मालक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यातला पहिला आठवडा तसा सुखाचा गेला. विहिरीवर खालच्या आळीच्या बायका तोंड फिरवायच्या. हंडे भरताना कितीदा वाटलं, गप बसले असते तर निदान दोर ओढायचं तरी सुटलं असतं.

भात झोडून झाल्यावर पत्र आलं. जुना ठराव रद्द. बायकांना बसवून नवी बैठक घ्या, जागा त्या ठरवतील.

आम्ही चावडीत शिरलो आणि काय सांगू, पुरुषांना बसायला जागा उरली नाही. पण बायका म्हणजे काय एक मत असतं? खालच्या आळीला हापसा चावडीपुढंच हवा होता, आणि त्यांचंही चूक नव्हतं. माहेरापर्यंतचं सगळं निघालं. ग्रामसेवकांनी लिहायला तीन वेळा दौत उघडली, तीन वेळा मिटली. शेवटी खालच्या आळीतली एक म्हातारी उठली. "भांडताय काय? आपल्याला हीर वीस पावलांवर, त्यास्नी डोंगर. आना तो शाईचा डबा." तिनं अंगठा शाईत बुडवला आणि वाडीच्या ठरावावर उठवला. मग बाकीच्या आल्या, कुणी हसत, कुणी फणकारत.

त्या परदेशी बाईनं देशाच्या धोरणाला पास केलं की नापास, ते मला कधी कळलं नाही. हापसा वाडीवर बसला, एवढं ठाऊक आहे.

पहिलं पाणी काढायच्या दिवशी सरपंच नारळ घेऊन वर आले. चढण चढून धाप लागली, दगडावर बसले.

"दमला व्हय, मामंजी?" मी म्हटलं. "डोक्यावर तर काय न्हाई."

ते श्वास घेत होते तोवर आत्याबाईंनी त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला. बाईनं नारळ फोडू नये, असं मागून कुणीतरी म्हणालं. एका दणक्यात फुटला.