पडीत पिकलेलं भात

२०२५ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली, तरी भात कशाला म्हणतात एवढं मला कळतं, असा माझा समज होता. सरकारने तो दूर केला.

अंजूरच्या बाजूला माझी सव्वा एकर शेती. तिन्ही बाजूंनी गोदामं, मध्ये माझं भात. पूर्वेचं गोदाम चुलतभावाचं. त्याच्या जमिनीत कित्येक वर्षं पंख्यांचे आणि बुटांचे खोके पिकतात. कागदावर मात्र ती अजून शेतीच.

त्या साली भात लावणाऱ्याला हेक्टरी अनुदान होतं. अट एकच. आपल्या शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढतं. सुनेला घेऊन मी घोटाभर चिखलात उभा राहिलो. मोबाइल म्हणाला, तुम्ही तुमच्या शेतापासून दूर आहात. जन्म गेला त्या चिखलात, पण मोबाइल शिकलेला, त्यालाच जास्त कळणार.

"बाबा, जरा पुढं सरका," सून म्हणाली.

सरकलो. तरी दूरच. तेवढ्यात गोदामाच्या धक्क्यावरून भावाचा आवाज आला, "दादा, बाजूला हो ना, फोटोत येतोस."

"कसला फोटो काढतोस र?"

"पिकाचा. मी माझ्या जागेत उभा हाय, मोबाइलला चालतं."

मी बाजूला झालो. माणसाने शेजाऱ्याच्या शेतीला मदत करावी.

त्याच्या सातबाऱ्यावर भात चढलं. माझ्या सातबाऱ्यावर चढली पड. म्हणजे जमीन ओसाड, मालक आळशी. अनुदान गेलं ते गेलंच, पण पन्नास वर्षं नांगर धरून मी सरकारदरबारी रिकामटेकडा ठरलो.

दसरा झाल्यावर तलाठ्याकडे गेलो. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटी नवी आहे, खुर्ची तीच.

"आजोबा, तुमची जमीन पड दिसते."

"साहेब, पड पिवळी झाली हाय. लोंब्या वाकल्यात."

"मग पाहणी करून दुरुस्ती करू. पण पीक उभं दिसलं पाहिजे. तोवर कापू नका."

"येणार कधी?"

"पुढच्या आठवड्यात. नाहीतर त्याच्या पुढच्या."

"बरं, भाताला तसं कळवतो."

वाटेत भाऊ भेटला. म्हणाला, "थांब की दादा. थोडं झडलं तर झडलं, अनुदान तर येईल. मी सांगतो साहेबांना, तुझं भात खरं हाय म्हणून."

त्याच्याइतका पक्का साक्षीदार गावात दुसरा नव्हता. फोटो होता त्याच्याकडे.

संध्याकाळी माझ्या म्हातारीने, म्हणजे बायकोने, एक लोंबी आणून माझ्यासमोर नुसती हलवली. अर्धे दाणे जमिनीवर.

"साहेबांसाठी ठेवायचं का चिमण्यांसाठी?" तिने विचारलं.

"कापलं तर कागदावर पडच राहील."

"राहू दे. कागद शिजवून खाणार हाव का वर्षभर?"

मी विळे काढून धार लावायला घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं विळे घेऊन उतरलो आणि दव सुकायच्या आत पहिलं खाचर कापून आडवं केलं.