अक्कांच्या नावाचं विणकाम

फाटकाची कडी वाजली की अण्णा मांडीवरची लोकर उचलून अक्कांच्या मांडीवर टाकत आणि स्वतः पेपर तोंडासमोर धरत. हे इतक्या सफाईनं होई, की आत येणाऱ्याला दिसे ते एवढंच : अक्का विणायला बसल्यात, अण्णा वाचतायत, काय सुखी घर आहे! जरा निरखून पाहिलं असतं तर कुणालाही कळलं असतं. अक्कांनी क्रोशाची सुई उलथनं धरावं तशी मुठीत धरलेली असे आणि अण्णांच्या हातातला पेपर बहुतेक वेळा परवाचा असे. पण निरखतंय कोण? बाई विणतेय, पुरुष पेपर वाचतोय, यात बघण्यासारखं काय असतं!

मी नागपूरची. नोकरीसाठी बंगळुरूला आले तेव्हा इंदिरानगरच्या एका मागच्या गल्लीत या दोघांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. घरमालक मराठी आहेत म्हटल्यावर आईनं तिकडे देवाला साखर ठेवली. पण त्यांची मराठी ऐकून मी पहिल्याच दिवशी गार पडले. अण्णा म्हणाले, "वैशाली, नळाला पाणी स्वल्प सावकाश येतं. बादली लावून सुम्ने बसायचं, सरी?" त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं, त्यामुळे 'सुम्ने' म्हणजे गप्प आणि 'सरी' म्हणजे बरं, हे मला विचारून घ्यावं लागलं. मी हसले, तर म्हणाले, "तुझ्या मराठीत हिंदी फार, आमच्या मराठीत कन्नड फार. मूळ मराठी कुठं सांडली ते आपण दोघं मिळून शोधू."

मला त्यांचं गुपित कळलं ते मी मागच्या जिन्यानं खाली उतरले म्हणून. तिकडे कडी नव्हती. अक्कांचा डबा परत द्यायला गेले, तर मागच्या पडवीत अण्णा पाटावर बसून मण्यांचं तोरण ओवत होते. जीभ दातांत धरलेली, मांडीवर ताट, ताटात लाल-हिरवे मणी. अक्का बाजूला तांदूळ निवडत होत्या. मी आपली बोलून गेले, "अय्या अण्णा, तुम्ही?" आणि हसले. अण्णा दचकून उठले, ताट उलटलं, मणी पडवीभर झाले. आम्ही तिघंही जमिनीवर बसून ते वेचत होतो, पण अण्णांनी मान म्हणून वर केली नाही. त्यांचे कान लालबुंद झाले होते. शेवटी जमिनीकडेच बघत ते म्हणाले, "हे बाहेर जायला नको, पोरी."

"अहो, यात लाजण्यासारखं काय आहे?"

"तुमच्या पिढीला नाही," अण्णा म्हणाले.

अक्का मण्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, "यांचे हात, माझं नाव. लग्नापासून असंच चाललंय बघ आमचं."

पुढे अक्कांनीच मला सगळं सांगितलं. लहानपणी अण्णा फार दिवस आजारी होते. अंथरुणात पडून काय करायचं म्हणून आईनं क्रोशा शिकवला. बरे झाल्यावरही ते विणत बसलेले वडिलांनी पाहिले. त्यांनी सुई न्हाणीच्या चुलीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून हिरव्या बांगड्या आणून पोराच्या ताटात ठेवल्या. "भर," म्हणाले. मोठेपणी अण्णा कारखान्यात लागले, लोखंड कातायच्या यंत्रावर. तिथले दांडगे सोबती, त्यांच्या त्या थट्टा. बांगड्यांची भीती अंगात मुरलेली ती मुरलीच, आणि विणल्याशिवाय तर चैन पडेना.

मग लग्न झालं. पहिल्याच गौरींना हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी मण्यांची महिरप बघून विचारलं, ही कुणी केली हो? अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडलेला. नवी नवरी चटकन म्हणाली, "मी."

"एका शब्दाचं काम होतं, बोलून गेले," अक्का मला म्हणाल्या. "मला काय माहीत, तो शब्द जन्मभर पुरेल!"

आणि काम तरी कसं! जुन्या साडीचा काठ लावलेली बाळाची कुंची, लोकरीचे मोजे, चिंध्या भरून केलेल्या बाहुल्या, ताटावर घालायचे क्रोशाचे रुमाल. ओळखीत बारसं आहे आणि अक्कांच्या नावाची कुंची गेली नाही असं होत नसे. मलाही अण्णांनी क्रोशाची पहिली साखळी घालायला शिकवली, अर्थात मागच्या पडवीत. मी धागा करकचून ओढायची. ते म्हणत, "आवळू नको. लोकर काय पळून चालली आहे?" मी चिडून सगळं फेकलं की म्हणत, "उसव. लोकर राग धरत नाही." एरवी भिडस्त असलेला हा माणूस सुई हातात आली की चक्क हुकूम सोडायचा, आणि त्या वेळी फार देखणा दिसायचा.

पण या सगळ्याची किंमत अक्का मोजत होत्या, हे मला मंडळात गेल्यावर कळलं. इथल्या जुन्या मराठी घरांतल्या बायकांचं एक मंडळ आहे, दर मंगळवारी दुपारी भरतं. पद्मक्का त्याच्या सर्वेसर्वा. नाकावर माशी बसू देणार नाहीत, पण अडल्यानडल्याला सगळ्यांच्या आधी धावतील अशा. त्या वर्षानुवर्षं अक्कांच्या मागे लागलेल्या, आम्हाला विणकाम शिकव म्हणून. अक्का कधी म्हणत हात दुखतात, कधी म्हणत वेळ नाही. मी गेले त्या दिवशी पद्मक्कांनी लोकर आणि सुई पुढ्यातच ठेवली. "पहिली साखळी तेवढी घालून दाखव, सुमित्रा. बाकी आम्ही बघू." अक्कांनी सुई उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग सुई खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आज नको." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "गर्व आहे गं. विद्या हातची राखते."

घरी येऊन अक्का अण्णांशी बोलल्या नाहीत. रात्रीच्या उप्पिटात मीठ दोनदा पडलं आणि अण्णांनी ते मुकाट्यानं खाल्लं. मग म्हणाले, "तू शिकूनच घे ना स्वल्प. साखळीपुरतं." बिचारीनं तेही करून पाहिलं. पण अक्कांच्या हाताला क्रोशा म्हणजे मांजराला पोहणं! भाकरी थापावी तर अक्कांनी, पण सुई धरली की धाग्याचा नुसता गुंता. एके दिवशी तो गुंता अण्णांच्या पुढ्यात टाकून त्या म्हणाल्या, "तुमच्यापायी मी गावभर गर्विष्ठ झाले. आणखी किती दिवस?"

अण्णा अगदी कानकोंडे झाले. "पुढच्या गौरींना सांगतो," म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. गौरी यायच्या, जेवायच्या, जायच्या. मला अस्सा राग यायचा! एकदा मी तोंडावर म्हटलंही, "अण्णा, गौरींना तरी किती वर्षं ताटकळत ठेवणार?" ते हसले नाहीत. "तोंड उघडतो गं," म्हणाले, "आणि ताटात बांगड्या दिसतात."

आणि मग अक्काच गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता दवाखान्यात न्यावं लागलं, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. भेटायला मंडळाच्या बायका आल्या. त्यांना कॉफी मी देत होते. पद्मक्का खरोखरच रडत होत्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "सोन्याचे हात होते हो. पण एकीला म्हणून शिकवलं नाही. सगळं बरोबर घेऊन गेली." अण्णा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. ओठ हलले, हात थोडा वर आला, आणि ते तसेच वळून आत गेले. मला त्यांची दयाही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

त्यानंतर त्यांचं विणणं बंद पडलं. पडणारच! ज्या बाईच्या नावावर सगळं चालायचं तीच गेल्यावर नवा रुमाल कुठून आला म्हणून सांगणार? लोकर, मणी, चिंध्या, सगळं लोखंडी कपाटात गेलं. पण हातांना कोण समजावणार! पेपर वाचता वाचता ते त्याच्या कडेच्या बारीक झिरमिळ्या करत. पडद्याची दोरी घेऊन तिला गाठी मारत, सोडत, परत मारत. एका सकाळी ते जिना चढून वर आले. मी इतकी वर्षं राहत होते, पण ते कधी वर आले नव्हते. दारातच उभे राहून म्हणाले, "मंगळवारी मंडळात तिची आठवण करणार आहेत. मला ने. लोक तिला कंजूष म्हणतात गं, आणि मी घरात बसून ऐकतो. लाज वाटते मला."

त्या मंगळवारी बायकांनी घरोघरचं 'अक्कांचं काम' आणून टेबलावर मांडलं होतं. कुंच्या, बाहुल्या, तोरणं, पिवळे पडलेले रुमाल. मागे हार घातलेला अक्कांचा फोटो. अण्णा उभे राहिले. ते म्हणाले, "हे तिनं केलेलं नाही. मी केलंय. मला लाज वाटायची, म्हणून ती आपल्या नावावर घ्यायची."

मग अण्णांनी खिशातून सुई आणि लोकर काढली आणि उभ्या उभ्याच विणायला लागले. साखळी, खांब, साखळी, खांब. बघता बघता एक फूल तयार झालं. मला वाटलं, जिंकलो!

कसलं काय! पद्मक्कांनी गालावर हात ठेवला. "अय्यो! म्हणजे नवऱ्याला शिकवलं होतं तिनं! आम्ही एवढ्या विनवण्या केल्या, आणि घरात मात्र गुपचूप..."

"नाही हो," अण्णा घायकुतीला आले, "तिला साधी साखळीसुद्धा येत नव्हती!"

सगळ्या बायकांचे चेहरेच बदलले. पद्मक्का कडक आवाजात, निम्म्या कन्नडात म्हणाल्या, "बिडी, अण्णा. सोडा तो विषय. गेलेल्या बायकोला कमी लेखू नये."

मी उठले. "खरं सांगतायत ते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तू काल आलेली भाडेकरू," पद्मक्का म्हणाल्या. "आम्ही सुमित्राला नवरी असल्यापासून ओळखतो."

झालं! आम्ही दोघंही तोंडावर आपटलो. आता अक्का नुसत्या गर्विष्ठ उरल्या नव्हत्या, आतल्या गाठीच्याही ठरल्या होत्या. अण्णांनी टेबलाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग ते हळूच खुर्चीवर बसले.

"सरी," ते म्हणाले. "तुमचंच खरं. तिनंच शिकवलं मला. शेवटच्या आजारात म्हणाली, माझे हात दुखायचे म्हणून बायकांना शिकवायचं राहिलं. तुम्ही मंगळवारी जात जा, आणि सगळ्यांना शिकवा."

पद्मक्कांनी पदर डोळ्यांना लावला तो काढलाच नाही. "काय काय बोललो आम्ही तिला," एवढंच म्हणत राहिल्या. बाकीच्या फोटोला हात जोडत होत्या. एका घटकेत अक्का मंडळाच्या देव्हाऱ्यात जाऊन बसल्या.

परतताना रिक्षात मी भडकले होते. "हे काय केलंत, अण्णा? खरं सांगायला गेलात आणि आणखी एक खोटं बोलून आलात!"

अण्णा बाहेर बघत होते. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "तिचं नाव तरी साफ झालं. मला वाटलं होतं, आज माझीही लाज उतरेल. ती नाही उतरली. आता मला खरं सांगायची सोयच उरली नाही बघ."

पुढच्या मंगळवारपासून ते खरंच शिकवायला जाऊ लागले. म्हातारा माणूस भर दुपारी बायकांच्या घोळक्यात बसून उघड्यावर विणतो, आणि कुणी हसत नाही. उलट नवऱ्यांना त्यांचे दाखले दिले जातात, बायकोचा शब्द पाळावा तर असा! हे ऐकलं की अण्णा मेल्याहून मेल्यासारखे होतात. मी शेजारी असले तर माझ्याकडे बघायचंही टाळतात.

परवा पद्मक्कांची ओळ तिसऱ्यांदा चुकली. लोकर मांडीवर आपटून त्या म्हणाल्या, "माझ्या हातून नाही व्हायचं. खरं सांगा अण्णा, सुमित्रा पण अशीच चुकायची का सुरुवातीला?"

अण्णांनी त्यांच्या हातातलं विणकाम घेतलं. बराच वेळ त्या चुकलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"तिचं काही चुकलं नाही हो," ते म्हणाले. "चुकत होतो तो मीच."

बायका कौतुकानं हसल्या. काय हा विनय, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. अण्णांनी मान खाली घातली आणि ओळ उसवायला घेतली.