चष्मा नाकावर, तक्रार बँकेत

डोंबिवली पूर्वेला आमचं चष्म्याचं दुकान आहे. काउंटरवर मी, डोळे तपासायच्या खोलीत माझी बायको मधुरा. पूर्वी दुकानात फ्रेमा साठायच्या, आता किस्से साठतात. एकाचा राग उतरतोय तोवर दुसरा येतो!

म्हणजे होतं काय, गिऱ्हाईक कार्डाने पैसे भरतं, चष्मा नेतं आणि महिन्याभराने बँकेत तक्रार करतं. आमचे पैसे अडकतात आणि कार्डाचं मशीन देणाऱ्या पेमेंट कंपनीचा मेल येतो : तक्रार मान्य करा, नाहीतर सात दिवसांत पुरावे द्या. मधुरा म्हणते, "मान्य करून टाक रे, डोकं शांत राहील." मी म्हणतो, "का म्हणून?" अहो, दुसऱ्याच्या नंबरची भिंगं परत घेऊन मी त्यांचं लोणचं घालू?

*

दिवा स्टेशनजवळच्या एका बाईंची तक्रार आली : "वस्तू मिळालीच नाही." चष्मा मी स्वतः घरी नेऊन दिलेला. चौथा मजला, लिफ्ट बंद! मी पुरावे जमवत बसलोय, तर बाई दुकानात हजर. चष्मा नाकावर!

"काडी सैल झालीय हो, जरा आवळून द्या."

"ताई, हा घेतलात कुठून?"

"असं काय करता? तुमच्याकडूनच की!"

मी तो मेल त्यांच्यासमोर धरला. बाईंनी शांतपणे वाचला. त्याच चष्म्यातून! मग म्हणाल्या, "ते बँकेचं आमचे मिस्टर बघतात. तुम्ही काडी बघा."

*

ती केस मी लढलो. बिल पाठवलं, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पाठवले, बाई काडी आवळून घ्यायला आल्या तेव्हाचं दुकानातल्या कॅमेऱ्याचं फुटेजसुद्धा पाठवलं. पेमेंट कंपनीच्या हेल्पलाइनवरून एका मुलीचा फोन आला.

"सर, फुटेज रिजेक्ट झालंय. कस्टमरचा चेहरा क्लिअर नाही."

"का नाही?"

"सर, चष्मा घातलाय ना त्यांनी."

*

कल्याणच्या एका पोराने भावाच्या हळदीसाठी बारा गॉगल नेले. हळद झाली, नाच झाला, रील टाकून झाली. मग तक्रार : "माल खराब." रीलमध्ये बाराच्या बारा गॉगल चमकतायत! मी फोन लावला. वाटलं, पोरगं निदान घाबरेल तरी.

"अरे दादा, टेन्शन कायको घेतोस? अ‍ॅक्सेप्ट करून टाक ना. पैसे बँक देते, तुझं काय जातंय?"

बँक देते म्हणे! मी इतका ओरडलो की खोलीत अक्षरं वाचणारे आजोबा एकदम म्हणाले, "सांगतो, सांगतो! खालची ओळ नाही दिसत मला!"

*

एक निवृत्त मास्तर आहेत, जोगळेकर सर. मुलगा परदेशात, त्याने वडिलांना स्वतःच्या खात्यावरचं कार्ड दिलेलं. सरांनी त्यावर चष्मा घेतला. मुलाची तक्रार : "हा खर्च ओळखीचा नाही." पावतीवर सरांची सही होती, केस मी झोपेतही जिंकलो असतो. पण सर स्वतः आले आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"त्याने मला न विचारता केलं हे. पण वाद नको. हा परत घ्या."

आणि दार चाचपडत निघाले! मी धावत जाऊन चष्मा परत त्यांच्या नाकावर चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्रार मान्य केली. आठवड्याने मुलाने आमच्या दुकानाला ऑनलाइन शेरा दिला : "रिफंड लवकर मिळाला. चांगली सर्व्हिस." पाच तारे!

*

त्यानंतर मी ठरवलं, आता एकालाही सोडायचं नाही. पुढचीच तक्रार आली आंबिवलीच्या एका नर्सबाईंची. त्यांनी दोन चष्मे सांगितलेले, एक स्वतःला, एक आईला. दोन्हींचे पैसे आधीच भरलेले. तक्रार अशी की दुसरा रद्द केला तरी पैसे परत आले नाहीत.

"बघ, ही नवीन टूम!" मी मधुराला म्हणालो. ती पेशंटमध्ये होती, तिने धड ऐकलंही नाही. मी दोन्ही बिलं जोडली आणि खाली ठोकून दिलं : "दोन्ही चष्मे नेलेले आहेत. ग्राहकाच्या आई तो चष्मा रोज वापरतात."

जिंकलो! मी पेढे आणले.

मधुराने पेढा हातात घेतला आणि विचारलं, "कुठली केस रे?" मी सांगितलं. तिने पेढा खाली ठेवला, तयार चष्म्यांचा ड्रॉवर उघडला आणि एक डबी माझ्यासमोर ठेवली. वर चिठ्ठी, आंबिवलीची.

"त्यांचा फोन मीच घेतलेला," ती म्हणाली. "आई गेली म्हणून रद्द केला त्यांनी. तुला सांगितलेलं मी. तू तेव्हा त्या गॉगलवाल्याशी भांडत होतास."

मी लगेच फोन लावला. "ताई, माझी चूक झाली. पैसे आत्ता परत पाठवतो."



"पैशांचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "आई रोज चष्मा वापरते, असं लिहिलंत ना तुम्ही? तुम्हाला कुठे दिसली ती?"